शेख मखलूफांची दौत

मित्रांनो, मला उचलून हलवलंत तरी माझ्या पोटात आता काही वाजणार नाही. शाई कधीच वाळून गेली. तळाशी शाई धरून ठेवणाऱ्या रेशमाच्या धाग्यांचा काळा गोळा तेवढा उरला आहे, तोही दगडासारखा घट्ट झालेला. मी पितळेची एक जुनी दौत आहे. माझं गाव कैरवान. आमच्या गावाला नदी नाही. म्हणून आमच्याकडे लेकीला सासरी पाठवताना "तुझा माठ भरलेला राहो" असं म्हणतात. एवढा एक आशीर्वाद दिला की बाकीचे त्यात येतातच.

मला उबैद तांबटाने ओतलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गावातल्या निम्म्या दौती त्याच्या हातच्या होत्या. साच्यातून काढताना मी त्याच्या हातून निसटले आणि माझ्या काठाचा टवका उडाला. त्याने मला दुकानाच्या मागच्या फळीवर टाकून दिलं. तिथे मी धूळ खात बसले होते, तेव्हा एक दिवस शेख मखलूफ दुकानात आले. ते धर्मशास्त्राचे जाणकार. कुणाचा विवाह, कुणाची वाटणी, कुणाची शपथ, असल्या गोष्टींत काय न्याय्य ते लोक त्यांना विचारायला येत आणि ते प्रश्नाखालीच उत्तर लिहून देत.

"शेख, अमीरांनी पाठवलेली चांदीची दौत तुम्ही परत केलीत म्हणे?" उबैदने विचारलं.

"केली."

"का हो?"

"अमीराच्या दौतीतली शाई उताराकडे वाहते, आणि उतार नेमका अमीराच्या घराकडे असतो. तू मला ती फळीवरची दे."

"ती? तिच्या काठाचा टवका गेलाय."

"जाऊ दे. माझाही पुढचा दात गेलाय. आमचं जमेल."

आमचं जमलं. मित्रांनो, त्या घरात मी जे सुख भोगलं ते सोन्याच्या दौतीलाही मिळत नसेल. शेखांची मुलगी खदूज माझ्यासाठी शाई करायची. मायफळं कुटायची, भिजत घालायची, हिराकस टाकायची, बाभळीचा डिंक घोळायची. तिचा हात चालू असला की तोंडही चालू असायचं. "बाबा, आज शाई पातळ झालीय. आज फक्त सोप्या प्रश्नांची उत्तरं द्या," असं ती म्हणे, आणि शेख हसत. खदूजला आई नव्हती. तिला बाबा होते, मायफळं होती, आणि बाबांच्या ग्रंथांतलं बरंच काही ऐकून ऐकून पाठ होतं.

सकाळी शेख मला घेऊन मोठ्या मशिदीत आपल्या खांबाशी बसत. माणसं येत. एकदा एक भटारी तावातावाने आला. "शेख, शेजारणीची कोंबडी माझ्या भट्टीमागे अंडं घालते. अंडं कुणाचं?"

"कोंबडी दाणे कुणाचे खाते?"

"माझे. पण झोपायला तिच्याकडे जाते."

शेखांनी बराच विचार केला. मग बोरू माझ्यात बुडवला आणि लिहिलं, 'मला माहीत नाही.'

भटारी हिरमुसला. "एवढे मोठे शेख, आणि एका अंड्याचं सांगता येत नाही?"

"नाही येत, बाबा. दोघं मिळून खा."

हे 'मला माहीत नाही' माझ्या शाईने किती वेळा लिहिलं गेलं असेल. इतर जाणकार त्यावर हसत. शेख म्हणत, "जे मी बोललो ते मी मेल्यावरही बोलत राहणार आहे. तेव्हा जपून बोललेलं बरं."

मग दुहमान आला. खेडेगावातून पायी आलेला, अंगाने काडी, पण कान असे की एकदा ऐकलेलं आयुष्यभर विसरायचा नाही. शेखांनी त्याला घरात घेतलं, आपल्या ताटात जेवू घातलं. जवाच्या भाकरीवर ऑलिव्हचं तेल ओतताना ते आधी त्याच्या बाजूला ओतत. पुढे शेखांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तेव्हा दुहमान त्यांचे डोळे झाला. शेख सांगत, तो लिही, मग सगळं मोठ्याने वाचून दाखवी. शेख "हं" म्हणत तेव्हाच ते उत्तर शेखांचं ठरे. आमच्या गावात विद्या अशीच चालते. कागदाला कुणी फारसं विचारत नाही. कुणी कुणाच्या तोंडून ऐकलं, त्याला विचारतात. ऐकणाऱ्यांची ती साखळी शाबूत असेल तर शब्द खरा.

एका शुक्रवारी भर मशिदीत शेख उभे राहिले. दुहमानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लोकहो, माझं वय झालं. दुहमान जे 'शेखांकडून ऐकलं' म्हणून सांगेल, ते माझंच समजा. त्याला परत विचारू नका."

दुहमान रडला. मी त्याच्या हातात होते. माझ्या काठावर ते आसू पडले. ते खरे होते, मित्रांनो. आजही मी ते खरेच म्हणेन, आणि मला त्याचंच जास्त दुःख होतं.

घरी आल्यावर खदूज म्हणाली, "बाबा, एवढी मोकळीक कुणी देतं का? निदान 'परत विचारू नका' हे तरी नको होतं."

"अगं, मुलगा आहे तो माझा."

"मुलगी मीपण आहे. मला नाही कधी असं म्हणालात."

"तुला काय म्हणायचं? तू तर मला रोज परत विचारतेस," शेख म्हणाले. दुहमानही हसला, खदूजही हसली.

आता टाक्याचं सांगते. कातडी कमावणाऱ्यांच्या आळीत एक मोठं पाण्याचं टाकं होतं. लोकर कातून पोट भरणाऱ्या एका विधवेने ते फार पूर्वी बांधलं आणि अल्लाच्या नावाने सोडून दिलं. "जो तहानलेला येईल त्याचं," असं ती म्हणाली होती. ती गेली, पण पावसाचं पाणी साठत राहिलं आणि चामडेआळीच्या बायका ते भरत राहिल्या. मग दोन पावसाळे कोरडे गेले. अमीराने त्याच वेळी गावाबाहेर नवी बाग लावली होती. बागेला पाणी हवं होतं. अमीराचा कारभारी शेखांकडे आला. अंगाला अत्तराचा वास, आवाज लोण्यासारखा.

"शेख, त्या टाक्याची भिंत फुटलीय. मोडकी वस्तू ठेवून पुण्य काय मिळणार? ती अमीरांना द्यावी, बदल्यात अमीर दुसरं टाकं बांधून देतील. वेशीबाहेर, छान मोठं."

"वेशीबाहेर पाणी खारं आहे," दारामागून खदूज म्हणाली.

कारभाऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेख म्हणाले, "भिंत फुटली तर भिंत बांधा. दिलेलं पाणी परत घेता येत नाही. त्याची मालकीण तहान आहे, आणि ती अजून मेलेली नाही."

"हेच तुमचं शेवटचं मत?"

"माझं मत आहे. शेवटचं कुठलं ते अल्ला ठरवील."

हेच उत्तर त्यांनी शुक्रवारी मशिदीत सगळ्यांसमोर दिलं. चामडेआळीतली मैमूनची आई त्या दिवशी आमच्या घरी माठभर पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "शेख, तुमच्या तोंडात साखर पडो. साखर नाही मिळाली म्हणून पाणी आणलंय."

त्यानंतर खजूर पिकायच्या दिवसांत शेखांना झटका आला. अर्धं अंग गेलं आणि वाचाही गेली. मी त्यांच्या उशाशीच होते. खदूज आणि दुहमान पाळीपाळीने बसत. दुहमान कापसाचा बोळा पाण्यात भिजवून त्यांच्या ओठांना लावी. एका पहाटे खदूज पाणी आणायला त्याच टाक्यावर गेली होती. शेखांनी डोळे उघडले. ओठ हलले, पण त्यांतून काही निघालं नाही. मग त्यांनी धड असलेला हात उचलून दुहमानच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. एवढंच झालं. मी पाहत होते. दुसरं काही झालं नाही.

त्याच दिवशी दुपारी शेख गेले. जाण्याच्या पुष्कळ आधी त्यांनी सांगून ठेवलं होतं की माझी दौत दुहमानला द्या. खदूजने मला आतून धुतलं, पुसलं आणि स्वतःच्या हाताने त्याला दिलं.

दुखवट्याचे दिवस सरायच्या आधीच तो लोण्यासारखा आवाज दुहमानच्या दारी आला. गावच्या काझीची जागा रिकामी होती. कारभारी तसं काही बोलला नाही. तो एवढंच म्हणाला, "आजारपणात माणसाची मतं बदलतात. शेखांच्या अगदी जवळ तुम्हीच होतात, नाही का?" आणि उठून गेला. दुहमान बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मी मनात म्हटलं, लेका, बघू नकोस, बोल काहीतरी. पण दौतीचं मन कुणाला ऐकू येतं?

शुक्रवारी तो शेखांच्या खांबाशी उभा राहिला. म्हणाला, "मी शेखांकडून ऐकलं. शेवटच्या पहाटे त्यांची वाचा क्षणभर परत आली. ते म्हणाले, टाक्याबद्दलचं माझं आधीचं मत मी मागे घेतो. मोडकं ते बदलून देता येतं."

मग बायकांच्या बाजूने खदूजचा आवाज आला. "हे खोटं आहे. बाबांची जीभ लुळी होती."

सगळ्यांत वयस्कर जाणकार शेख अबान तिथे होते. सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, "पोरी, त्या पहाटे तू तिथे होतीस?"

"पाणी भरायला गेले होते."

"मग त्यांनी ते म्हटलं नाही, हे तुला कसं कळणार?"

"मी त्यांची मुलगी आहे. आलटून पालटून मीपण उशाशी होते."

शेख अबानांनी डोळे मिटून घेतले. "पोरी, तुझ्याच वडिलांनी आम्हाला शिकवलं की 'मी ऐकलं' म्हणणाऱ्याचा शब्द 'मी ऐकलं नाही' म्हणणाऱ्यापेक्षा जड असतो. ऐकणारा तिथे होता, न ऐकणारा नव्हता. आणि दुहमानला परत विचारू नका, हेही त्यांनीच सांगितलंय. इथेच, या खांबाशी. मी काय करू?"

मित्रांनो, चोराने कुलूप फोडलं तर माणूस चोराला शिव्या देतो. इथे किल्ली घरधन्यानेच प्रेमाने दिली होती. शेखांचे दोन खरे नियम एकत्र आले आणि त्यांनी मिळून शेखांनाच खोटं पाडलं. खदूज चादर सावरून निघून गेली.

त्या हिवाळ्यात टाक्यापासून अमीराच्या बागेपर्यंत मातीचे नळ घातले गेले. कबूल केलेलं टाकं काही झालं नाही; दोराला गाठी मारून बायका वेशीबाहेरच्या खाऱ्या विहिरीवर जाऊ लागल्या. दुहमान काझी झाला. त्याने मला सोनाराकडे नेऊन माझ्या काठाला चांदीची कड बसवली. टवका झाकला गेला. लोक म्हणत, "काझीसाहेबांचं गुरूवर प्रेम किती बघा, साधी दौतसुद्धा मढवून ठेवलीय." मला ती कड गळ्याला बोचायची.

मैमूनची आई एकदा त्याला रस्त्यात आडवी आली. डोक्यावर रिकामा माठ होता. "काझीसाहेब, अमीरांच्या बागेतली डाळिंबं तुमच्याकडे येतात म्हणे. गोड आहेत का हो?"

"का, आजी?"

"काही नाही. पाणी आमचं आहे, म्हणून चव विचारली."

दुहमान मान खाली घालून निघून गेला. दुष्ट माणूस असता तर मला त्याचा राग धरणं सोपं गेलं असतं. तो दुष्ट नव्हता. काझी म्हणून तो चांगला होता. विधवांना त्यांचे वाटे मिळवून देई, लाच घेत नसे. आणि शेखांची सगळी मतं एकत्र करून त्याने मोठा ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथातलं सारं काही शेखांचं होतं, तंतोतंत. भटाऱ्याची कोंबडीसुद्धा होती. त्यांची लकब, त्यांचं 'मला माहीत नाही' वाचताना मला शेखांचा आवाज ऐकू येई. मग टाक्याचं प्रकरण आलं. त्याने बोरू माझ्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. शाई टोकावर वाळली. परत बुडवला, परत वाळली. मला वाटलं, आता. आता हा खरं लिहील. तिसऱ्यांदा बोरू बुडवला आणि त्याने लिहिलं तेच, जे खांबाशी बोलला होता.

ग्रंथ दूरदूर गेला. त्याच्या नकला झाल्या. एकदा पश्चिमेकडच्या गावाहून एक विद्वान आला, काझीच्या हातचं खजुराचं ताट पुढे ओढून म्हणाला, "तुमच्या शेखांचे आमच्यावर फार उपकार. आमच्याकडे यात्रेकरूंसाठी सोडलेलं एक तळं होतं. सुभेदारांना ते हवं होतं. अडत होतं. मग शेख मखलूफांचा आधार सापडला आणि सगळं सुरळीत झालं."

दुहमानच्या हातातला खजूर हातातच राहिला.

मित्रांनो, शेखांनी जन्मभर ज्याच्या विरुद्ध उभं राहायचं ठरवलं, त्याच कामाला आता त्यांचं नाव जुंपलं होतं, आणि तेही आदराने.

खदूजने लग्न केलं नाही. ती चामडेआळीत राहायला गेली आणि बायकांबरोबर खाऱ्या विहिरीवर पाणी ओढू लागली. ग्रंथ तिला कुणी लिहू दिला नसता, म्हणून तिने ओव्या रचल्या. काझीच्या खिडकीखालून बायका जात तेव्हा मला ऐकू येत:

दिलेलं पाणी बाई, माघारी जात नाही
तहान त्याची धनीण, शेखांनी दिली ग्वाही
शेखांची वाचा बाई, वाऱ्यानं नाही नेली
घरच्याच माणसानं, पखालीत भरून नेली

पश्चिमेकडच्या विद्वानाने त्या ऐकल्या आणि विचारलं, "छान चाल आहे. पण ग्वाही म्हणता, तर याची साखळी कुठे आहे? कुणी कुणाकडून ऐकलं?" बायकांच्या गाण्याला आमच्याकडे पुराव्याचा मान नाही.

वर्षं गेली. दुहमान म्हातारा झाला आणि अंथरुणाला खिळला. एका सकाळी त्याने खदूजला बोलावून घेतलं. तीही वाकली होती. हाताला दोराचे घट्टे होते. मी उशाशी होते, जशी शेखांच्या उशाशी होते.

"खदूज, मला माफ कर," तो म्हणाला. "माणसाचं देणं माणसानेच सोडल्याशिवाय वर सुटका नाही, हे तुला माहीत आहे."

"माझा माठ फोडला असतास तर केलं असतं माफ. पाणी चामडेआळीचं होतं. शब्द बाबांचा होता. माझ्याकडे काय मागतोस?"

"मग मी करू तरी काय?"

"तुझे विद्यार्थी अंगणात बसलेत. मी दार उघडते. एवढंच म्हण, 'मी ऐकलं नव्हतं.'"

दुहमानने दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तुला आपला नियम ठाऊक आहे. जो एकदा खोटं सांगताना सापडला, त्याच्याकडून आलेलं सगळंच बाद. तुझ्या बाबांचं जे जे जगात उरलंय, ते माझ्याच तोंडून आलंय. मी आज खरं बोललो, तर तो अख्खा ग्रंथ रद्दी होईल. शेख मखलूफ नावाचा माणूस होता हेही कुणी म्हणणार नाही. चालेल तुला?"

खदूज माझ्याकडे बघू लागली. त्या चांदीच्या कडेवरून तिने बोट फिरवलं, जिथे खाली टवका होता तिथे ते थांबलं. आपल्या बापाचं नाव आपल्याच हाताने पुसायचं की नाही, हे ती ठरवत होती. मित्रांनो, जी पोर बापासाठी मायफळं कुटत मोठी झाली, तिला हे ठरवायला किती कठीण गेलं असेल ते मला सांगता येत नाही.

"चालेल," ती शेवटी म्हणाली. "बाबांना नावापेक्षा पाणी मोठं होतं. बुडू दे नाव."

आणि तिने दार उघडलं. विद्यार्थी लगबगीने आत आले, खाटेभोवती दाटीने बसले. कुणीतरी बोरू काढून माझ्यात बुडवला. "काझीसाहेब, काही सांगायचंय का?"

दुहमानने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे तरुण होते, सगळ्यांच्या डोळ्यांत भक्ती होती. त्याने ओठ ओले केले. बोरूच्या टोकाला शाई थरथरत होती. खदूज दाराशी उभी होती.

"बाई फार लांबून आल्यात," दुहमान म्हणाला. "त्यांना दारापर्यंत सोडून या."

खदूज हसली. रडली असती तर बरं झालं असतं. "राहू दे रे, मला वाट माहीत आहे," असं उठलेल्या विद्यार्थ्याला म्हणून ती एकटीच पायऱ्या उतरली.

दुहमान त्याच आठवड्यात गेला. त्याच्या मागे कुणी माझ्यात शाई घातली नाही. थोरांची आठवण म्हणून मला कोनाड्यात ठेवून दिलं, आणि मग आठवणही राहिली नाही. ग्रंथ मात्र अजून शिकवतात. त्या पानाशी आले की विद्यार्थी एका सुरात म्हणतात, "शेख मखलूफ म्हणाले," आणि मी कोनाड्यात ऐकत राहते.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करा असं माझं मागणं नाही. माझं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस आपला एखादा शब्द तुमच्या हवाली करील. त्याला वाटेल, हे माझंच लेकरू आहे, याला कुणी परत विचारायला नको. तेव्हा तुम्हीच स्वतःला परत विचारा, रोज विचारा. जिवंत माणसाचं काही चुकीचं सांगितलंत तर तो उठून तुमचं मनगट धरील. गेलेला माणूस येत नाही. त्याला तुमच्याखेरीज दुसरं तोंड नसतं.